पत्र्याला धार असते

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होऊन आठवडा झाला असेल. सुरतेतल्या बमरोलीत माझ्या वायरिंगच्या दुकानासमोर एक व्हॅन येऊन उभी राहिली. चालवणारा साक्री तालुक्यातला, म्हणजे आमच्याच बाजूचा. एरवी शाळेची पोरं ने-आण करतो आणि सणासुदीला त्याच गाडीत घरच्यांना बसवून गावी जातो. खाली उतरला आणि म्हणाला, "भाऊ, काटा एकदम वर जास, पन गाडी गरम व्हत नई."

मग सगळं सांगितलं. नवापूर, विसरवाडी मागे टाकून कोंडाईबारी घाट चढताना टेम्परेचरचा काटा झटक्यात लाल पट्टीत गेला. वैशाखातलं ऊन, गाडीत म्हातारी आई, बायको, दोन लेकरं. त्याने गाडी कडेला घेतली, सगळ्यांना सावलीला बसवलं, बोनेट उघडलं. वाफ नाही, उकळण्याचा आवाज नाही, पंखा नीट फिरतोय. अर्धा तास थांबून निघाला तर काटा जागेवर. दोन वळणं गेली आणि पुन्हा वर. साक्री येईपर्यंत असा चार वेळा थांबला. गावाकडे एकाने थर्मोस्टॅट बदलून दिला, रेडिएटर धुऊन दिला. परतीच्या वाटेला तेच रडगाणं.

मी एवढंच विचारलं, काटा हळूहळू चढतो का उडी मारतो? म्हणाला, उडी मारतो. तिथेच माझं लक्ष इंजिनावरून उठलं. चार-पाच लिटर पाणी एका खड्ड्यात 90 अंशांवरून 120 वर जात नाही, पाण्याला तापायला वेळ लागतो. काटा उडी मारत असेल तर दोष पाण्यात नाही, तारेत आहे.

त्याच्या व्हॅनमध्ये कंपनीचा टेम्परेचरचा काटा नव्हताच. आजकाल बऱ्याच लहान गाड्यांत नसतो, नुसता दिवा असतो. इंजिन फार तापलं की लाल पेटतो, आणि पेटतो तेव्हा बऱ्याचदा उशीर झालेला असतो. म्हणून घाटात जाणारे लोक बाहेरून मीटर बसवून घेतात. रेडिएटरच्या पाइपात सेन्सर, डॅशबोर्डवर मीटर आणि दोघांमध्ये तार. यानेही तसंच कुठूनतरी करून घेतलं होतं. कुठून, ते मी विचारत नाही.

इंजिन चालू ठेवलं, दुकानातल्या पोराला आत मीटरसमोर बसवलं आणि मी बोनेटखाली हात घालून पत्र्यातून आत जाणारा तारांचा जुडगा धरून हलवला. आतून पोरगा ओरडला, "गेला वर!" सोडला, "आला खाली!"

टॉर्च मारून बघितलं. पत्र्याला ड्रिलने बोटभर भोक पाडलेलं, काठ तसाच उघडा, गंजून तांबूस झालेला. त्या काठावर सेन्सरची हिरवी तार घासून घासून तिचं कातडं गेलेलं आणि आतलं तांबं मुंगीच्या डोक्याएवढं चमकत होतं. मी तिला बाजूला सारलं तेव्हा मागची लाल तार दिसली. ती थेट बॅटरीवरून आलेली, मध्ये फ्यूज नाही. तिचंही आवरण अर्ध्याहून जास्त कापलं गेलं होतं. मी पहिल्यांदा बॅटरीचा निगेटिव्ह काढला आणि मग त्याला बोलावून दाखवलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. ज्या गाडीत रोज दुसऱ्यांची लेकरं बसतात, त्या गाडीतली ती लाल तार होती.

इंजिन आणि माणसं बसतात ती जागा, या दोहोंच्या मध्ये जो पत्रा असतो त्याला फायरवॉल म्हणतात. नावातच त्याचं काम आहे. पुढे आग लागली तर ती आत यायला वेळ लागावा, गरम तेल, पेट्रोलची वाफ, धूर, आवाज आणि चाकांनी उडवलेलं पाणी पलीकडेच राहावं. याचा पूर्वज म्हणजे घोडागाडीची पुढची फळी. घोड्याच्या टापांनी चिखल उडायचा, तो हाकणाऱ्याच्या अंगावर येऊ नये म्हणून उभी फळी लावत आणि तिलाच इंग्रजीत डॅशबोर्ड म्हणत. पुढे घोड्याच्या जागी इंजिन आलं. फळीच्या आतल्या बाजूला मीटर बसले, त्यांच्याकडे डॅशबोर्ड हे नाव गेलं. चिखल अडवायचं जुनं काम मात्र मागच्या पत्र्याकडेच राहिलं, आणि आता त्याला आगही अडवायची असते.

पण ही भिंत पूर्ण बंद करता येत नाही. स्टीअरिंगचा दांडा, ब्रेक, क्लच, एसीचे पाइप आणि तारांचा मोठा जुडगा, हे सगळं तिच्यातूनच आत येतं. कंपनी प्रत्येक भोकाला रबर बसवते. आम्ही त्याला ग्रोमेट म्हणतो: मधे खाच असलेलं रबरी कडं, जे पत्र्याच्या काठावर घट्ट बसतं. पत्र्याची कापलेली कड सुरीसारखी असते. ती तारेला टेकू नये, आणि तारेभोवतीची फट उघडी राहू नये, एवढ्यासाठी ते रबर.

हे मला कुणी पुस्तकातून शिकवलं नाही, लूमने शिकवलं. 1996 साली मी नंदुरबारकडून उधन्याला उतरलो. प्लेगच्या भीतीने सुरत रिकामं झाल्याला दोनच वर्षं झाली होती आणि खाती पुन्हा भरभरून चालू होती. इथे लूमच्या कारखान्याला खातंच म्हणतात. बारा तासांची पाळी, रात्रभर खटखट. तिथे धागा जिथून वळतो तिथे चिनी मातीची गुळगुळीत कडी असते. तिचा टवका उडाला, नखाला जेमतेम लागेल इतका, तरी धागा तुटत राहतो. नवखा माणूस धाग्याला दोष देतो. माझे मुकादम मला म्हणायचे, धागा बघू नको, तो कशावरून जातो ते बघ. पुढे मी खातं सोडून वायरिंगच्या कामाला लागलो, तेव्हा कळलं की इंग्लंडात गाडीतल्या तारांच्या जुडग्यालाही लूमच म्हणतात. मला त्याचं फार आश्चर्य वाटलं नाही.

आता तार का घासते ते सांगतो, कारण इथेच पुष्कळ जण चुकतात. इंजिन गाडीला घट्ट आवळलेलं नसतं, रबराच्या माउंटिंगवर बसवलेलं असतं. क्लच सोडला, गिअर पडला, खड्डा आला की ते डुलतं. फायरवॉल मात्र गाडीच्या सांगाड्याला जोडलेली, ती जागची हलत नाही. म्हणजे तारेचं एक टोक हलणाऱ्या इंजिनावर आणि मधला भाग न हलणाऱ्या पत्र्यात. तार ताणून लावली असेल तर प्रत्येक झोल्याला ती काठावरून एक केसभर पुढे-मागे सरकते. दिवसाला हजारो वेळा. कोंडाईबारीची वळणं त्याच्या व्हॅनला हेच करत होती.

सेन्सरचं गणित साधं आहे. पाणी थंड असताना सेन्सरचा विरोध जास्त असतो, पाणी तापलं की विरोध कमी होतो, तशी तारेतून जास्त वीज जमिनीला, म्हणजे गाडीच्या बॉडीला मिळते आणि काटा चढतो. तारेचं उघडं तांबं पत्र्याला टेकलं की वीज सेन्सरपर्यंत जायच्या आधीच बॉडीत उतरते. मीटरला वाटतं, विरोध शून्य, म्हणजे भयंकर उष्णता. काटा थेट एचवर, म्हणजे हॉटवर.

व्हॅनवाल्याचं नशीब असं की त्याच्या तारेने खोटा का होईना, आरडाओरडा केला. तीच तार काठावर कापून तुटली असती तर विरोध अमर्याद, काटा सीवर, म्हणजे कोल्डवर, पडून राहिला असता. गाडी उकळली तरी काटा खाली, आणि माणूस निवांत घाट चढतोय. अशा गाड्याही माझ्याकडे आल्या आहेत, हेड वाकडं झालेल्या, गॅस्केट फुटलेल्या. मालक म्हणतो, काटा तर खालीच होता. म्हणून मी प्रत्येकाला सांगतो: गाडी दहा-पंधरा मिनिटं चालल्यावर काटा त्याच्या नेहमीच्या जागेवर आला का, हे बघा. न हलणाऱ्या काट्याला मी उडी मारणाऱ्या काट्यापेक्षा जास्त घाबरतो.

आणि ती लाल तार. सेन्सरच्या तारेतून जाणारी वीज इतकी थोडी की ती पत्र्याला टेकली तरी काही जळत नाही. बॅटरीवरून थेट आलेली तार टेकली तर गोष्टच वेगळी. 12 व्होल्ट ऐकायला किरकोळ वाटतात, हाताला झटकासुद्धा बसत नाही. पण गाडीची बॅटरी स्टार्टर फिरवायला बनवलेली असते, तिच्यातून क्षणात शेकडो अँपिअर निघतात. बारीक तार काही सेकंदांत लालभडक होते, तिचं आवरण पेटतं, आणि ते पेटतं डॅशबोर्डच्या मागे, जिथे सगळं प्लॅस्टिक आणि फोम भरलेला असतो. माणसाला आधी वास येतो. मग धूर.

हे थांबवायला फ्यूज आहे. पण तो बॅटरीजवळ पाहिजे, वीतभर अंतरात. खूप जण मीटरजवळ, डॅशबोर्डखाली लावतात, बदलायला सोपं पडतं म्हणून. मग बॅटरीपासून तिथपर्यंतची सगळी तार, फायरवॉलच्या काठासकट, उघडीच राहते. फ्यूज मीटरला वाचवण्यासाठी नसतो, तारेला वाचवण्यासाठी असतो. त्याच्या पुढचं तो सांभाळतो, मागचं नाही. एका मीटरला 5 अँपिअरचा फिकट तपकिरी फ्यूज भरपूर झाला. तो उडतो म्हणून 20 चा पिवळा घालणारे मी पाहिले आहेत. उडणारा फ्यूज काहीतरी सांगत असतो, त्याचं ऐकायचं.

त्या व्हॅनचं काम मी नव्याने केलं. पहिल्यांदा कंपनीचं भोक शोधलं. नवीन भोक पाडायला माझा हात शेवटी जातो. पत्र्याच्या मागे कुठे एसीचा कॉइल असतो, कुठे कंपनीच्या तारा, आणि ड्रिल पलीकडे गेल्यावर काही दिसत नाही. मोठा जुडगा आत जातो तिथल्या ग्रोमेटवर बहुतेक गाड्यांत रबराची बंद बोंडी असते, लहान बाळाच्या बाटलीच्या बुचासारखी. तिचं टोक ब्लेडने जरासं कापायचं. भोक तारेपेक्षा बारीक ठेवायचं, म्हणजे रबर तारेला घट्ट धरतं.

ती बोंडी आतून सापडायला मला पेडलच्या मधे डोकं घालून उताणं झोपावं लागतं. पाय सीटवर, टॉर्च दातांत, उजव्या कानाला ब्रेकचा पेडल टेकलेला. स्कूटरच्या ब्रेकची जुनी केबल मी जपून ठेवली आहे. तिच्या टोकाला टेप गुंडाळतो, म्हणजे ते टोचत नाही, आणि कंपनीच्या तारांच्या मधून हळूच ढकलतो. डिसमिसने, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हरने भोसकायचं नाही, ही दुकानातली पक्की शिस्त आहे. एकाने तसं केलं आणि कंपनीच्या जुडग्यातली तार आतल्या आत कापली गेली, तो दोष शोधण्यात माझे दोन दिवस गेले होते. केबल पलीकडे निघाली की पोरगा तिला नवी तार बांधतो आणि मी आतून ओढून घेतो. साबणाच्या पाण्याचा एक थेंब लावला की रबरातून अलगद सरकते.

तार कुठली, यावर मी अडून बसतो. घरातल्या फिटिंगची तार गाडीत चालत नाही. तिच्या साध्या पीव्हीसीला 70 अंशांची मर्यादा असते, इंजिनाजवळ तेवढं तर रोजचं. एकाच जाड तांब्याची असेल तर कंपनाने आतून मोडते आणि वरून शाबूत दिसते. बारीक धाग्यांची, गाडीसाठी बनवलेली, 105 अंश सोसणारी तार घ्यावी. तिच्यावर नालीदार प्लॅस्टिकचा पाइप चढवावा, सायलेन्सरच्या बाजूने नेऊ नये, आणि जोड कधीही पत्र्याच्या भोकात येऊ देऊ नये. जोड दोन्ही बाजूंपैकी कुठेही असू दे, पण हाताला लागेल, डोळ्याला दिसेल असा.

इंजिनाच्या बाजूला तारेला थोडा ढिलेपणा ठेवतो, इंजिन डुललं तरी ओढ पडू नये. आणि भोकात शिरण्यापूर्वी तार खाली झुकवून मग वर नेतो. सुरतेच्या पावसात याचं मोल कळतं. तारेवरून ओघळणारं पाणी त्या झुकलेल्या पोटातून खाली टपकतं. तार वरून उतरत आत शिरत असेल तर पाणी तिच्याच आधाराने डॅशबोर्डमागे जातं, आणि एक दिवस पायाखालचा गालिचा ओला लागतो. 2006 च्या ऑगस्टमध्ये उकाई धरणाचं पाणी तापीतून शहरात शिरलं, त्यानंतर कित्येक महिने मी गाड्यांतले तारा जोडणारे कपलर उघडून धूत होतो. तेव्हा पाहिलं की पाणी तारेच्या आतून, तांब्याच्या धाग्यांमधून वातीसारखं वर चढतं. वरून कोरडी तार, आतून हिरवीगार. तेव्हापासून प्रत्येक जोडावर गोंद असलेली श्रिंक स्लीव्ह चढवतो.

फट उरलीच तर सिलिकॉन. पण ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो तो नको, तो तांबं खातो. बिनवासाचा घ्यावा. फट बुजवणं नुसतं पाण्यासाठी नाही. इंजिनाकडचा धूर आत येतो, आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो, रंगही नसतो. पावसाळ्यात उंदीरही याच वाटेने घरात, म्हणजे गाडीत येतात.

सेन्सरचा एक बारकावा राहिला. एका तारेच्या सेन्सरला दुसरी तार इंजिनाच्या धातूतूनच मिळते. तो रबरी पाइपात ॲल्युमिनियमचा तुकडा घालून बसवला असेल तर दोन्हीकडे रबर, मग बॉडी मिळणार कुठून? त्या तुकड्याला वेगळी अर्थिंगची तार द्यावी लागते. काही जण आट्यांवर टेफलॉन इतकं गुंडाळतात की इंजिनात थेट बसवलेला सेन्सरही अधांतरी राहतो.

जुन्या ट्रॅक्टरांत आणि जीपमध्ये तेलाच्या दाबाचा मीटर असायचा, त्यात तार नसायचीच. इंजिनातलं तेल बारीक नळीतून थेट मीटरपर्यंत यायचं. म्हणजे फायरवॉलच्या भोकातून गरम तेलच माणसाच्या गुडघ्यापर्यंत. ती नळी घासून फुटली की काय होतं, ते मी एका म्हाताऱ्या ड्रायव्हरच्या पायावर पाहिलं आहे. विजेचा मीटर आला ही या धंद्यातली मोठी गोष्ट, तेल इंजिनापाशी राहिलं आणि आत फक्त बातमी येऊ लागली.

आता तर ज्यांच्या गाड्या अलीकडच्या आहेत त्यांना मी आधीच सांगतो, पाण्याच्या काट्यासाठी भोक पाडूच नका. 1 एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 गाड्यांत, आणि त्याआधीच्याही पुष्कळ गाड्यांत, स्टीअरिंगखाली ओबीडीचं 16 पिनांचं सॉकेट असतं. इंजिनाचा कॉम्प्युटर पाण्याचं तापमान तिथे आयतं देतो. त्यात लावायचा छोटा मीटर मिळतो, तार केबिनच्या केबिनमध्ये राहते. तेलाचा दाब मात्र तिथे सहसा मिळत नाही, कारण बऱ्याच गाड्यांत तेलाला नुसता स्विच असतो, दाब आहे किंवा नाही एवढंच सांगणारा. तो मीटर हवा असेल तर पत्रा ओलांडावाच लागतो. सीएनजी किट बाहेरून बसवतात तेव्हाही, कारण किटचा कॉम्प्युटर बोनेटखाली आणि गॅसचे दिवे दाखवणारा स्विच डॅशबोर्डवर. सुरतेत अशा गाड्या गल्लोगल्ली आहेत. किट घेताना लोक सिलिंडर बघतात, बिल बघतात, आरसीवर नोंद झाली का बघतात. बोनेट उघडून एवढं आणखी विचारावं: तार कुठून आत नेली, आणि तिथे रबर आहे का? एअरबॅगच्या पिवळ्या कपलरला हात लावला नाही ना, हेही.

व्हॅनचं काम झाल्यावर मी शटर ओढून घेतलं. अंधार केला. पोराने बोनेटखाली दिवा धरला आणि पत्र्यावरून सावकाश फिरवला. मी पुन्हा पेडलखाली डोकं घालून पडलो. नव्या तारेपाशी काळोख होता, पण डावीकडे तांदळाएवढा उजेड दिसला. मीटर बसवणाऱ्याने आधी एक भोक पाडून बघितलं असावं, जमलं नाही म्हणून तसंच सोडून दिलेलं. त्यात रबरी बूच बसवलं. लाल तारेचं ते बोटभर भोकही घासून, रंग लावून, बुचाने बंद केलं.

"आता फिरव," मी म्हणालो.

पोराने दिवा या टोकापासून त्या टोकापर्यंत नेला. मी आत डोळे ताणून बघत होतो, व्हॅनवाला माझ्या शेजारी वाकून. काही दिसलं नाही. मग काचेखाली बादलीभर पाणी ओतलं, गालिच्याखाली हात घालून पाहिला, कोरडा. इंजिन चालू करून जुडगा पुन्हा हलवला. काटा मधोमध स्थिर.

त्याने घड्याळ पाहिलं. शाळा सुटायला वीस मिनिटं होती.